बूड नसलेली पेटी

माझ्या भावाचं कौतुक ऐकायचं असेल तर आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. सुहैब म्हणजे इंजिनियरसाहेब. शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं, पदवी घेतलीच नाही हे आमच्या सगळ्या इर्बिद शहराला ठाऊक आहे, तरी इंजिनियरसाहेब! राजधानीत, अम्मानला, मोठ्या कंपनीत आहे, वेबसाइटी बनवतो, बनवणाऱ्यांवर देखरेख करतो, वर स्वतःचा ब्लॉगही चालवतो. एवढं सगळं एकट्याला कसं जमतं बाई, असं शेजारणी मला विचारतात. कसं जमतं ते मी सांगते. आमच्या बाबांनी या माणसाला दोन वर्षं दर गुरुवारी लिहिलं, शंभर वेळा तरी लिहिलं असेल. त्या शब्दांचं त्यानं काय केलं ते ऐका, आणि मग करा कौतुक. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही. व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

मी लुबना, त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. औषधांच्या दुकानात काम करते आणि आईवडिलांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहते. बाबांनी तीस वर्षं इर्बिद ते अम्मान कोस्टर चालवली. वीस-बावीस सीटांची गाडी, भरल्याशिवाय न हलणारी. शाळेला सुट्टी लागली की सुहैब मागच्या सीटवर बसून दिवसभर त्यांच्याबरोबर फेऱ्या मारायचा. बोलायचा काही नाही, नुसता कान लावून बसायचा. घरी आला की आम्हाला सगळे प्रवासी करून दाखवायचा. कनाफ्याच्या मिठाईचं आख्खं ताट मांडीवर घेऊन बसलेला शिपाई, आणि त्याचा पाक शेजारच्या मौलवींच्या झग्यावर कसा ठिबकला, मौलवी 'अस्तगफिरुल्लाह' म्हणत म्हणत बोट चाटून कसे बघत होते, हे तो असं करायचा की यम्मा, आमची आई, हसून हसून जमिनीवर बसायची.

एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या नेट कॅफेत बसून त्यानं ब्लॉग काढला. नाव 'मागची सीट'. तेच प्रवासी, तीच भांडणं, आणि आरशातून सगळ्यांवर नजर ठेवणारे बाबा. काय लिहायचा हो! खोटं कशाला बोलू, राग आहे म्हणून गुण झाकायचे नसतात. पार मस्कत आणि कासाब्लांकाहून लोक त्याला पत्रं लिहायचे. ब्लॉग नीट दिसावा म्हणून तो कोड शिकला, आणि कोड शिकला म्हणून लोक त्याच्याकडून वेबसाइटी करून घ्यायला लागले. आधी एक दातांचा डॉक्टर आला, मग एक मिठाईवाला. आणि मग एके दिवशी जेवताना यानं जाहीर केलं की कॉलेज सोडलं.

बाबांनी घास खाली ठेवला. ओरडले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून मला कुणी अबू सुहैब म्हणायचं नाही. मला मुलगी आहे. अबू लुबना म्हणा."

अबू म्हणजे बाप; आमच्याकडे बाप थोरल्या मुलाच्या नावानं ओळखला जातो. वीस वर्षं स्टँडवर ज्याला अबू सुहैब म्हणून हाक मारली, त्यानं मुलाचं नाव अंगावरून काढून टाकावं म्हणजे काय, हे मुलाला बरोबर कळतं. सुहैब त्याच आठवड्यात अम्मानला गेला. स्टँडवर सगळे हसले, पण बाबांचा स्वभाव माहीत होता, म्हणून म्हणायला लागले अबू लुबना. मला आपलं बरं वाटायचं. सतरा वर्षांची होते मी, अक्कल कुठे होती!

पुढे दोघांचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. सुहैब सणाला यायचा, हाताचं चुंबन घ्यायचा, बाबा "अल्लाह भलं करो" म्हणायचे, आणि दोघं टीव्हीकडे बघत बसायचे. यम्मा मधे बसून सफरचंदं सोलायची.

मग बाबांच्या डोळ्याला मोतीबिंदू झाला आणि कोस्टर सुटली. मोतीबिंदू काढला, पण गाडी काही परत मिळाली नाही. रिकामा माणूस घरात म्हणजे बायकांच्या डोक्याला ताप. मीठ जास्त का, दार उघडं का, पाहुणी अजून का बसलीय! मी वैतागून माझा जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि 'मागची सीट' उघडून दिली. म्हटलं, वाचा, तुमच्यावरच लिहिलंय. चष्मा लावून त्यांनी चार दिवस वाचलं. ना हसले, ना रडले. चौथ्या दिवशी म्हणाले, "इथं खाली लिहिता येतं का?"

"येतं की. कमेंट म्हणतात."

"मग लिही. ती बाई कोंबडा घेऊन चढली नव्हती, टर्की होती. आणि बाई हुवाऱ्याची होती, रमथ्याची नाही. माहीत नसेल तर लिहू नये माणसानं."

मी लिहिलं. "खाली नाव काय घालू?"

"काय घालू म्हणजे? अबू सुहैब घाल."

मी घातलं. मला रडू आलं ते त्यांनी बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सुहैबनं खाली उत्तर दिलं होतं, 'चूक दुरुस्त केली, बाबा.' तेवढ्या चार शब्दांवर बाबा आठवडाभर घरात शीळ घालत हिंडत होते.

त्यानंतर बाबांनी स्वतःच टायपिंग शिकून घेतलं, एका बोटानं. गुरुवारी दुपारी ते आधी कागदावर लिहायचे. कागद म्हणजे काय, तर नमाजाच्या वेळांचं भिंतीवरचं फाडायचं कॅलेंडर असतं ना, त्याची उलटलेली पानं. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली की चष्म्याच्या डबीतून पान काढायचं आणि एकेक अक्षर शोधून दाबायचं. पाठवलं की पान यम्माच्या डब्यात, हिवाळ्यात ऑलिव्हच्या चोथ्याची शेगडी पेटवायला. मी एकदा म्हटलं, बाबा, पानं जपून ठेवा ना. तर मलाच म्हणाले, "कशाला? तिकडे राहतंच. सुहैबनंच लिहिलंय, नेटवर टाकलेलं कधी मरत नाही म्हणून."

आता इंजिनियरसाहेबांचं काय चाललं होतं ते सांगते. त्याचीही बाजू आहे, ती लपवत नाही. त्याचा धंदाच असा की आज शिकलेलं तीन वर्षांत शिळं. पहिल्या कंपनीत एक तंत्र शिकला, दुसऱ्या कंपनीनं सांगितलं ते विसर, आता हे शीक. मग घरबसल्या दुबईच्या कंपनीचं काम केलं. त्यांनी एका सकाळी अर्धी माणसं काढली, त्यात हा. आता तर म्हणे यंत्रच कोड लिहितं आणि हा त्याच्या चुका काढतो. सगळं खरं. पण दर वेळी काम बदललं की हा काय करायचा? ब्लॉग मोडायचा आणि नव्या तंत्रानं पुन्हा बांधायचा! का, तर मुलाखतीत दाखवायला. लिहायचं सोडून हेच. आधी आठवड्याला एक गोष्ट यायची, मग महिन्याला, मग मेन्यू कसा उघडावा आणि रंग कसे निवडावे यावर लेख यायला लागले, आणि शेवटी वर्षातून एकच लेख: 'ब्लॉग नव्यानं बांधला आहे.' अरे मेल्या, भांडं किती वेळा घासशील, त्यात शिजवणार कधी? फोनवर हे म्हटलं की म्हणायचा, "लुबना, तुला कळत नाही. माझं पोट यावर आहे."

बाबा मात्र काहीही वाचायचे. मेन्यूच्या लेखाखाली त्यांनी लिहिलं होतं, 'मेन्यू म्हणजे हॉटेलातला समजून शेवटपर्यंत वाचलं. खायला काही मिळालं नाही. तरी छान. अम्मानला थंडी आहे म्हणतात, कोट घालत जा. — अबू सुहैब.'

दोन वर्षांपूर्वी तो आत्ताच्या नोकरीसाठी मुलाखती देत होता. तेव्हा ब्लॉग पुन्हा नवा झाला. सुरेख दिसत होता, त्यात वाद नाही. पण जुन्या कमेंटा दिसेनात. मी फोन केला तर म्हणाला, सामान हलवतोय, येतील हळूहळू. खाली लिहायची नवी चौकट होती, गोल कोपऱ्यांची. त्यात लिहून बटण दाबलं की हिरव्या अक्षरात ओळ यायची: 'आपली प्रतिक्रिया मिळाली. मंजुरीनंतर दिसेल.'

पहिल्या गुरुवारी बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. "मंजुरी कोण देतं?"

"सुहैबच देतो, बाबा."

"बरोबर आहे. साहेबमाणूस झाला. स्टँडवरसुद्धा शिक्क्याशिवाय गाडी सोडत नाहीत."

आणि वाट बघायला लागले. एक महिना गेला, चार महिने गेले. दर गुरुवारी असरनंतर आधी मागच्या वेळचं दिसतंय का बघायचं, नसलं की "कामात असेल" म्हणायचं, आणि नवीन लिहायचं. मी किती वेळा फोन केला म्हणून सांगू! "सुहैब, बाबांच्या कमेंटा मंजूर कर रे. उत्तर राहू दे, नुसतं बटण दाब."

"हो हो, करतो."

"वाचतोस तरी का?"

"वाचतो ना. छान लिहितात."

ते 'छान लिहितात' लक्षात ठेवा.

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर बाबा खुर्चीतच कलंडले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. तीन दिवस घरात माणूस मावत नव्हतं. पुरुष बाहेर मंडपात, बायका आत, आणि कडू कॉफीचे कप फिरताहेत. स्टँडवरचे झाडून सगळे ड्रायव्हर आले. सुहैब मंडपात पहिल्या खुर्चीवर बसून लोकांचे हात हातात घेत होता, आणि जो तो त्याला म्हणत होता, "अबू सुहैबनं तुझं नाव शेवटपर्यंत मिरवलं रे."

तिसऱ्या दिवशी असरनंतर गर्दी ओसरली. यम्मा पलंगावर बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिनं सुहैबला आत बोलावलं, लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "दर गुरुवारी हा माणूस इथं बसून तुला लिहायचा. मी विचारलं की म्हणायचा, बाप-लेकाचं आहे, तू सफरचंदं सोल. आता काही बाप-लेकाचं राहिलं नाही. काय लिहायचा ते मला वाचून दाखव. सगळं. मला वेळच वेळ आहे."

सुहैबनं ब्लॉग उघडला. वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. नेट हळू आहे म्हणाला.

मी म्हटलं, "नेटला काय झालंय? मंजुरीला पडल्या असतील ना सगळ्या? दाब की बटण. आता तरी दाब!"

त्यानं पुन्हा पान खालीवर केलं.

"सुहैब?"

"बटण नाहीये," तो म्हणाला.

"बटण नाही म्हणजे?"

"ती चौकट... दाखवायला होती गं. मुलाखतीसाठी. मागे काही जोडलेलंच नाही. नंतर जोडणार होतो. कामाच्या गडबडीत राहून गेलं."

मला आधी कळलंच नाही. औषधं विकणारी बाई मी. म्हटलं, "जोडलेलं नाही म्हणजे लिहिलेलं जातं कुठे?"

"कुठेच नाही."

भिंतीवर पत्राची पेटी लावायची, रंग द्यायचा, कुलूप लावायचं, आणि आतून बूडच ठेवायचं नाही! वर पत्र टाकणाऱ्याला पोच द्यायची, मिळालं म्हणून! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला कॉफीचा कप मी खाली कसा ठेवला ते मला आठवत नाही.

"आणि जुन्या? जुन्या कुठायत?"

"त्यात हजारो जाहिराती घुसल्या होत्या, लुबना. वजन कमी करा, केस उगवा, असल्या. निवडत बसायला वेळ नव्हता. सगळ्याच काढून टाकल्या. जुना सर्व्हरही बंद केला."

"तू मला म्हणालास वाचतो."

"तू सारखी फोन करायचीस..."

"तू म्हणालास छान लिहितात! काय छान होतं रे? एक शब्द सांग. शंभर गुरुवार लिहिलं त्यांनी, त्यातला एक शब्द सांग मला! लोकांच्या वेबसाइटीत टाचणीएवढी चूक सापडली तर रात्रभर झोपत नाहीस तू. मिठाईवाल्याचं बटण चालायला हवं, दात उपटणाऱ्याचं चालायला हवं, आणि बापासाठी रंगवलेली फळी? दोन वर्षं तोंडाला पानं पुसलीस त्या म्हाताऱ्याच्या!"

"मला माहीत असतं ते अजून लिहिताहेत..."

"माहीत नव्हतं? दर महिन्याला सांगत होते ना मी! की मलाही हिरवं अक्षर दाखवत होतास?"

आणि खरं सांगू का, मी ओरडत होते त्यातलं थोडं स्वतःवर होतं. दर गुरुवारी मीच तर बाजूला उभी असायचे. दर गुरुवारी ती हिरवी ओळ मी वाचली. मंजूर करत नाही म्हणून भावाला शिव्या दिल्या, पण पेटीत हात घालून बघावं असं मला एकदाही सुचलं नाही. पण मी काही वेबसाइटी बनवत नाही. त्याला माहीत होतं.

यम्मा एवढा वेळ दोघांच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "भांडू नका, बाहेर माणसं आहेत. जळलं का सगळं? मग ते मीच जाळलं. पानं माझ्या डब्यात यायची. मला काय ठाऊक, मला वाटायचं भाजीची यादी असेल." आणि स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघायला लागली.

तिला सांगणार नव्हते मी. त्या दिवशी तरी नाही. पण तिचे ते हात बघितले, आणि उठून बाबांची चष्म्याची डबी आणली. गुरुवारी दुपारी ते गेले, असर व्हायच्या आत. त्यामुळे त्या गुरुवारचं पान टाइप व्हायचं राहिलं होतं. चष्मा ठेवताना मला ते सापडलं होतं. तीन दिवस मी ते डबीतच ठेवलं होतं, कारण वाचल्यावर मंडपात जाऊन भावाच्या मुस्काटात मारेन अशी मलाच भीती होती.

"एक राहिलंय, यम्मा," मी म्हटलं. "वाचू?"

"वाच."

मी उभ्या उभ्याच वाचलं.

'सुहैब, सलाम. तुझी आई बरी आहे, लुबना चिडचिड करते पण बरी आहे. बदामाला फुलं आली. मागच्या सीटवरचं काही लिही, रंगांचं पुरे झालं. एक विचारायचं होतं. दोन वर्षांत माझं एकही मंजूर झालं नाही. तू आता मोठ्या जागेवर आहेस, तुझे साहेबलोक हे वाचत असतील. ड्रायव्हर बापाचं नाव तिथं बरं दिसत नसेल, हे मला उशिरा सुचलं. राग नाही. म्हणून या वेळी खाली नुसतं माझं नाव घालतो, कुणाला काही कळणार नाही. मंजूर कर. — फलाह, इर्बिदचा एक वाचक.'

बाहेर कुणीतरी कॉफीची किटली ठेवली, तिचा आवाज आला. यम्मा म्हणाली, "खाली काय घातलंय म्हणालीस?"

"फलाह."

"अबू सुहैब नाही?"

"नाही, यम्मा."

तिनं सुहैबकडे बघितलंसुद्धा नाही. लॅपटॉप त्याच्या मांडीवर तसाच उघडा होता, त्यावर ती गोल कोपऱ्यांची चौकट. तो रडत होता, मोठा माणूस लाज सोडून रडतो तसा. मग त्यानं हात पुढे केला.

"लुबना, ते पान मला दे. मी लावतो ब्लॉगवर. सगळ्यात वर लावतो, कायमचं. दे ना गं."

मी पानाची घडी केली, ती चष्म्याखाली ठेवली आणि डबी बंद केली.

"आपली प्रतिक्रिया मिळाली," मी म्हटलं. "मंजुरीनंतर दिसेल."